शेवटच्या पानापासून

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, कोणी पाहुणा आला, बांध बघितला, पाट बघितला, की एकच बोलतो, "काय एकजूट आहे हो तुमची!" ते ऐकलं की माझं डोकं तापतं. एकजूट काय रानात करवंदासारखी लागते, की गेलं आणि टोपली भरून आणली? इथली माणसं आभाळातून पडलेली नाहीत. भांडखोर आहेत, हावरी आहेत, माझ्यासकट. लाटंबार्से गावातल्या आमच्या वाड्यावर एकमेकांसाठी राबायची जी रीत आहे, ती कोणीतरी कोणालातरी शिकवली म्हणून आहे, आणि मधे एकदा ती पार मोडीत निघाली होती. मोडायला माझा हातभार होता. तेवढं सांगितल्याशिवाय कौतुक ऐकून घ्यायला मला लाज वाटते.

मी मूळची पलीकडची, दोडामार्गाच्या पुढची. गोवा मुक्त झाला तेव्हा मी दुसरीत होते आणि शाळेला सुट्टी मिळाली एवढंच मला त्यातलं कळलं. बारा वर्षांनी त्याच गोव्यात सून म्हणून आले. नवरा खाणीवरचा ट्रक चालवायचा. सकाळी माणसाच्या रंगाचा जायचा आणि संध्याकाळी लाल होऊन यायचा. सासरे वारले होते. घरात सासू होती, आणि तिच्या जिभेला कोयत्याची धार होती.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. वाड्यावरच्या देवळात समाराधना होती, सगळ्या घरांचं जेवण. पानं मांडली, माणसं बसली, आणि भाताचं तपेलं माझ्या हातात आलं. नवी सून, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी पदर सावरला आणि स्वयंपाकाच्या दाराजवळ जिथे वडीलधारी मंडळी बसली होती तिथून वाढायला वाकले. माहेरी तशीच रीत होती. तेवढ्यात कमरेला असा चिमटा बसला की तपेलं हातातून सुटायचंच राहिलं.

"शेवटाकडसून गो!" सासू दातओठ खात म्हणाली. "शेवटच्या पानापासून वाढतत."

शेवटचं पान म्हणजे पार विहिरीजवळ. तिथे उशिरा आलेले, पोरंटोरं, कोणाचा तरी वाट चुकलेला पाहुणा. तपेलं घेऊन मी अख्ख्या पंगतीच्या मधून चालत गेले, तिथून वाढायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्यांना सगळ्यांत शेवटी भात मिळाला. घरी आल्यावर मी विचारलं, "आये, असां कित्याक? मोठी माणसां उपाशी आणि पोरां आधी जेवतत?"

"तसांच असता."

"आमच्याकडे नसता."

"मग तुमच्याकडे जा."

झालं. एवढीच माझी शिकवणी. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, पण पुढे दर पंगतीला मुकाट्यानं विहिरीकडून वाढायला लागले. पटलं म्हणून नव्हे हो, चिमट्याच्या भीतीनं!

आता बांधाचं. आमच्या वाड्याखालून व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो आणि व्हाळाच्या कडेनं उतारावर आमचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे. अकरा घरं, अकरा कुणगे. पावसाळी भात कापून झालं की पूर्वी सगळे मिळून व्हाळात मातीचा बांध घालत, पाणी अडवत, पाटानं ते कुणग्यांत घेत आणि वायंगण, म्हणजे दुसरं पीक, काढत. पुढच्या पावसात बांध वाहून जायचा. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की पुन्हा घालायचा. मी आले तेव्हा सहा-सात वर्षं कोणी बांध घातला नव्हता. पुरुष खाणीवर, कोण ट्रकवर. बांधावर येणार कोण? एका घरानं दांडी मारली, मग दुसऱ्यानं म्हटलं मीच काय वेडा, आणि असं करत बांध संपला. बांध कसा घालायचा ते ठाऊक असलेले दोघे-तिघे म्हातारे तेवढ्यात गेले. माझे सासरे त्यांच्यातलेच.

मी सासरी आल्याच्या तिसऱ्या वर्षी एक ट्रकमालक वाड्यावर आला. त्याला ट्रक उभे करायला रस्त्याकाठची सपाट जागा हवी होती. आमचे कुणगे त्याला पसंत पडले. वर्षातले आठ महिने तर ते नुसते पडूनच होते. पुरुषमंडळी देवळाच्या पायरीवर बसून बोलायला लागली की देऊन टाकू, वायंगण तसंही पिकत नाही. सासूनं ते ऐकलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. बोलली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ही बाई गप्प बसली म्हटल्यावर मला घरात बसवेना.

मला राग आला की मला पुढचं-मागचं दिसत नाही. तशीच गेले देवळाच्या पायरीपाशी आणि सगळ्यांसमोर बोलले, "पाणी तुमच्या नाकासमोरून वाहून जातंय आणि तुम्ही शेतं ट्रकाखाली घालताय? घरटी एक माणूस द्या. यंदा बांध मी घालून दाखवते. शिगम्यापर्यंत अकराही कुणगे हिरवे राहिले नाहीत, तर मीच सांगेन, द्या त्याला जागा."

हसले सगळे. "बघूया वयनीचो बांध," कोणीतरी म्हणालं. पण शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, थांबायचं ठरलं. ट्रकमालकही म्हणाला, थांबतो. त्याला काय घाई होती? नवऱ्यानं घरी येऊन एवढंच विचारलं, "अकराही म्हणालंस? धा म्हणूक काय झाला होता?"

बांध आम्ही घातला. बहुतेक बायकांनीच. खांब ठोकले, बारीक बांबूच्या चिव्याची ताटी लावली, माडाच्या झावळांची चुडतं दाबली, वर माती. पहिला बांध तिसऱ्या दिवशी खचला, कारण जादा पाण्याला वाट ठेवायची असते हे कोणालाच आठवलं नाही. दुसरा टिकला. दुपारी बांधावरच उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. सासू डोक्यावर पेजेचं तपेलं घेऊन यायची आणि करवंटीच्या डवल्यानं वाढायची. शेवटाकडून, अर्थातच.

सगळ्यांत जास्त घमेली कोणी उचलली असतील तर शेवटच्या कुणग्याच्या बाईनं. ते घर सावंतवाडीकडून खाणकामाला आलेलं. त्यांनी सर्वांत खालचा कुणगा कसायला घेतला होता. ही बाई काखेत पोर घेऊन यायची, पोराला चुडताच्या सावलीत ठेवायची आणि माझ्या दोन घमेल्यांना तिची तीन. बोलायची कमी. माझ्याच मुलखाकडची, म्हणून मला तिचं जरा जास्तच बरं वाटायचं.

पाणी अडलं, पाट भरला, तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावून झाला. आता पाण्याची पाळी ठरवायची होती. पूर्वी कशी असायची हे कोणालाच आठवेना. पाणी सोडायचं काम एकटे सासरेच करत, बाकीच्यांनी कधी विचारलंही नाही, आणि ते गेले होते. मग मीच शहाणपणा केला. आमचा कुणगा बांधाच्या अगदी मुळाशी, सगळ्यांत वर. मी म्हटलं, पाणी उतारानं जातं, पाळीही उतारानंच. आधी आमचा, मग खालचा, मग त्याच्या खालचा. सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं होतं की मी स्वतःवरच खूश होते.

पुढे काय झालं असेल? वरच्यांनी पोटभर पाणी घेतलं आणि आपल्या हद्दीतल्या पाटाकडे पाठ फिरवली. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं केली, पाला अडकला, पाणी भलतीकडे झिरपायला लागलं. आपला कुणगा भिजला, आता पाट कोण साफ करतो? मीसुद्धा केला नाही. दहाव्या कुणग्याला जेमतेम पाणी आणि अकराव्याला नुसता ओलावा.

एका सकाळी ती बाई दारात आली. "वयनी, माजो तरवो जळता."

आणि मी, जी देवळाच्या पायरीवर एवढी तावातावानं बोलले होते, ती मी काय म्हणाले? "शेवटाक आसा तर वेळ लागतलोच. पाट जरा साफ कर जा." पुन्हा म्हणून सांगते, हे मी म्हणाले. ती गेली. तिनं एकटीनं पाट साफ केला, खालून वर, पार आमच्या कुणग्यापर्यंत. मी जनेलातून बघत होते.

त्या रविवारी बांधाची डागडुजी होती. ती आली नाही. मला राग आला, तोही तिच्यावरच! पुढच्या रविवारी दहाव्या घराचंही कोणी आलं नाही. मग नववं, मग आठवं. खालून वर, अगदी ओळीनं. बांधाला बोटभर भेगा पडल्या आणि आम्ही चार घरं माती लिंपत बसलो. ट्रकमालक एकदा रस्त्यावर उभा राहून पावलं टाकून जागा मोजून गेला. पायरीवर कोणीतरी म्हणालं, वयनीचो बांध शिगम्याआधीच जातलो बहुतेक. मी घरात येऊन उंबऱ्यावर बसून रडले. सासू म्हणाली, "रडान पाणी वाढता तर पाटात जाऊन रड."

माणसांना झालंय तरी काय, हे मला कळत नव्हतं. मी ओरडत होते, हातापाया पडत होते, दंड लावू म्हणत होते. कोणी हलेना.

पौषात समाराधना आली. पंगत बसली. बांधावर न आलेली घरंसुद्धा जेवायला आली होती, देवाचं जेवण कोण चुकवतो? शेवटच्या कुणग्याची बाई पोराला घेऊन विहिरीजवळ शेवटच्या पानावर बसली होती, माझ्याकडे न बघता. मी भाताचं तपेलं उचललं आणि सवयीनं विहिरीकडे चालायला लागले.

तपेलं जड होतं, वाफ तोंडावर येत होती. बसलेली माणसं भुकेली. आणि मी जाते तसतसे आवाज येत होते. "पाय घे रे आत, वाट दी." "तो तांब्या बाजूक कर, अडखळात ती." "चल गो, बेगीन बेगीन." पहिल्या पानावरच्या म्हाताऱ्यानं तर हातातल्या काठीनं वाटेतली चप्पल बाजूला सारली. कारण शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय त्याच्या पानावर पडणार नव्हता. माझी वाट मोकळी ठेवायची घाई त्याला माझ्यापेक्षा जास्त होती.

मी मधेच थांबले. वाट म्हणजे पाट होता. पहिलं पान म्हणजे आमचा कुणगा होता. अगे बाय माझे!

"काय जाला गो? भूत बघितलंस?" मागून सासू.

"आये," मी म्हटलं, "पाणी पण शेवटाकडसून सोडत होते काय?"

"माका काय म्हायत? ता पुरुषांचा काम." मग ती थांबली. डवला हातात तसाच. "पण... आमचो कुणगो बांधाच्या मुळात, आणि आमची लावणी सगळ्यांच्या मागसून. दर वर्षी. सगळ्या बायका हात धुवन घराक गेल्यो तरी मी चिखलात. तुज्या मामांजींक मी कितक्यो शिव्यो घातल्यो! ते म्हणायचे, तसांच असता."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तिनं नवऱ्याला आळशी ठरवलं होतं, आणि तो माणूस सर्वांत वरच्या कुणग्याचा धनी असून सगळ्यांना पाणी पोचेपर्यंत थांबत होता. कोणाला कारण सांगितलं नाही. कदाचित त्यालाही कोणी सांगितलं नसेल. पुरुषांनी पाण्याची रीत विसरून टाकली होती आणि बायकांनी तीच रीत भातात जपून ठेवली होती, कशासाठी ते ठाऊक नसताना.

भात निवत होता. पण आता बोलले नाही तर पुन्हा धीर होणार नाही हे मला माहीत होतं. तपेलं खाली ठेवलं आणि पंगतीच्या मधे उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "पाळी मी उलटी लावली. चूक माझी. उद्या सकाळी आमच्या कुणग्याचं तोंड मी बंद करते. पाणी आधी शेवटाला जाईल, आम्ही सगळ्यांच्या मागून घेऊ."

कोणीतरी विचारलं, "आणि मधल्यामधी तुमचो कुणगो सुकलो तर?"

"सुकला तर सुकला," सासू म्हणाली. "आदी भात वाढ गो, माणसां उपाशी आसत."

मी विहिरीजवळ गेले आणि शेवटच्या पानावर वाढलं. त्या बाईनं वर बघितलं. "आता कित्याक, वयनी? माजो तरवो गेलो."

"अर्धो गेलो. अर्धो आसा. आमच्यातलो उपटून देतंय. उद्या ये."

तिनं भात कालवला आणि पहिला घास पोराला भरवला.

सकाळी मी कुदळ घेऊन गेले आणि आमच्या कुणग्याच्या तोंडावर चिखल आणि गवताची ढेकळं दाबली. एक ढेकूळ काढून पुन्हा बसवलं, खोटं कशाला सांगू. आमचं भात तेव्हा ऐन पाण्यावर होतं. मागे वळून बघते तर दुसऱ्या कुणग्याचा धनी आपलं तोंड बंद करत होता. कौतुकानं नाही हो! आता त्याची पाळी येणार दहावी, आणि खालचे नऊ भिजल्याशिवाय त्याला थेंब नाही. म्हणून तो आपल्या हद्दीतला पाट असा खरवडत होता जसं काही खाली खजिना आहे. तिसरा कुर्ल्यांची बिळं बुजवत होता. चौथ्यानं पाला काढला आणि पाचव्याला हाक मारून ओरडला, "तुज्या हद्दीत गळता रे, झोपलंस काय?" इतके आठवडे मी घसा फोडून जे झालं नाही, ते एका सकाळी न बोलता होत होतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

आम्ही सगळे पाण्याबरोबर खाली चालत गेलो. पाणी दहाव्या कुणग्यापाशी जरा अडखळलं, सगळ्यांनी हातानं माती ओढली. आणि खाली, आपल्या पिवळ्या पडलेल्या तरव्यात, ती बाई उभी होती. आली होती. काखेत पोर, हातात घमेलं. पाणी तिच्या पायाला लागलं.

"पाणी इलां!" ती ओरडली. कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, पण ती हाक वरच्या बांधापर्यंत गेली. "इलां गो, पाणी इलां!" तिनं पोराचे पाय त्या पाण्यात बुडवले आणि पोर किंचाळलं. आम्ही सगळ्या बायका चिखलात उभ्या राहून हसलो. सासूनं तर टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी डागडुजीला अकराही घरं आली. आमच्या कुणग्याला सहाव्या दिवशी पाणी मिळालं. कोपऱ्यातलं थोडं भात करपलं, बाकी तगलं. शिगम्याच्या आदल्या आठवड्यात ट्रकमालक उत्तर घ्यायला आला तेव्हा आम्ही बांधावर पेज घ्यायला बसलो होतो. समोर अकरा कुणगे हिरवेगार, वाऱ्यावर डुलत. त्यानं बघितलं. कोणाला काही सांगावंच लागलं नाही. तो उशिरा आलेला, म्हणून रांगेच्या शेवटी बसला, आणि म्हणून पेज पहिली त्याच्याच पुढ्यात पडली. बिचारा गोंधळला. जागा मिळाली नाही आणि मान मात्र पहिला! दोन डवले पेज पिऊन गेला.

त्यानंतर बांध चुकला नाही. खाणी जोरात चालल्या, बंद पडल्या, ट्रक गंजले. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की घरटी एक माणूस आजही येतं. शेवटच्या कुणग्याची बाई आता माझ्यासारखीच म्हातारी आहे आणि आम्ही दोघी बांधावर बसून फक्त ओरडायचं काम करतो.

गेल्या वर्षीची गोष्ट, बांधावरच्या पेजेच्या वेळची. तपेलं माझ्यासमोर, डवला माझ्या हातात. गुडघे दुखत होते, विहिरीएवढं लांब नसलं तरी रांगेचं शेवटचं टोक लांबच दिसत होतं. कोण बघतंय, म्हणून मी जवळच्याच पहिल्या माणसाच्या पुढ्यात डवला नेला. तोच मनगटावर हात पडला. शेवटच्या कुणग्याच्या बाईचीच नवी, धाकटी सून, पेडण्याकडची, लग्नाला दोन महिने झालेले.

"काकी, शेवटाकडसून!"

"कित्याक गो?" मी मुद्दाम विचारलं.

"तसांच असता," ती ठसक्यात म्हणाली.

तिची सासू शेजारी बसून गालातल्या गालात हसत होती. तिनं शिकवलं होतं. माझ्या सासूचे शब्द, माझ्या सासऱ्यांचे शब्द, सावंतवाडीहून आलेल्या बाईच्या तोंडून पेडण्याच्या पोरीच्या तोंडात. मला इतका आनंद झाला की मी भर बांधावर त्या पोरीचा मुका घेतला. मग तिला उभं केलं आणि खालचा कुणगा दाखवला, तिच्याच घरचा. तो त्या दिवशी पहिला भिजत होता. असं का करायचं, हे मला माझ्या सासूनं सांगितलं नव्हतं, कारण तिला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

डवला तिच्या हातात दिला. ती तपेलं घेऊन शेवटच्या टोकाकडे गेली आणि रांगेतल्या माणसांनी पाय आत घेतले. मी पहिल्या जागेवर बसले. माझ्यापर्यंत पेज आली तेव्हा ती गार झाली होती. पण तपेल्यात माझ्यासाठी उरली होती.